‘मी’चा खेळ : प्रथमपुरुषी अद्भुतखेळांचे गुणदोष



आजचा विषय या व्यासपीठाला काहीसा अपरिचित आहे. व्हिडिओ गेम म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न सुचतो : पोराने किती तास घालविले? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. कादंबरी वाचणाऱ्याला आपण केवळ तासांचा हिशेब विचारीत नाही. कोणती वाचलीस, त्यात तुला काय गवसले, हेही विचारतो. ज्या खेळांत तरुण माणसे शेकडो तास राहून येतात, त्यांची पारख करण्याची काही कसोटी आपल्याजवळ असावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. भूमिकाखेळात खेळणारा एक पात्र घडवितो. ते तलवारबहाद्दर असेल, मांत्रिक असेल, नाहीतर चोर असेल. त्याचे कसब, त्याची मैत्री, त्याचे वैर ही सारी खेळणाऱ्याच्या निवडीने वाढतात. खेळ प्रथमपुरुषी असला म्हणजे पडद्यावर नायक दिसत नाही. नायकाच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढेच दिसते, आणि खाली फार तर त्याचे हात. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली, तेव्हा वाचकालाही यमूच्याच डोळ्यांनी ते घर पाहावे लागले. पण यमू काय करणार हे हरिभाऊंनी ठरविलेले होते. येथे ‘मी’ म्हणणारा खेळणारा स्वतः असतो, आणि त्याच्या हातून काय घडेल हे रचनाकाराला ठाऊक नसते. या प्रकाराचे सारे बळ आणि साऱ्या अडचणी येथूनच निघतात. यास्तव आमची कसोटी अशी आहे : या ‘मी’च्या कृतीला त्या जगात वजन किती? ते जग त्याला केव्हा तरी ‘नाही’ म्हणते काय?

या प्रकाराचा पाया ज्यांनी घातला त्यांत १९९२ साली अमेरिकेत निघालेला ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ हा खेळ मोडतो. आठ मजल्यांचे एक भुयार, एवढेच त्याचे जग. आजच्या मानाने चित्रे ओबडधोबड. परंतु त्या भुयारात राहणारे सगळेच शत्रू नव्हते. त्यांच्याशी बोलता येई, वस्तूंची अदलाबदल करता येई. एका ठिकाणी तर सरड्यासारख्या माणसांची भाषा शिकून घ्यावी लागे. नकाशा आपोआप उमटे, पण त्यावर टिपणे लिहावयाची ती खेळणाऱ्याने. जग लहान असूनही ते माणसाकडून काही मागत होते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे बेथेस्डा या अमेरिकन संस्थेने ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही माला चालविली. तिच्यातील तीन खेळ तुलनेला फार सोयीचे आहेत, कारण घर एकच आणि कल्पित भूमीही एकच, पण स्वभाव तीन.

पहिला, २००२ सालचा ‘मॉरोविंड’. एक सुटलेला कैदी जहाजातून एका दलदलीच्या बंदरावर उतरतो. त्याच्या हाती एक पुडके असते, ते दूरच्या गावी एका म्हाताऱ्या हेराला द्यावयाचे. तो म्हातारा नवख्याला सांगतो की आधी कुठे तरी काम धर, थोडा अनुभव घे, मग ये. जगाचा भावी तारणहार, आणि त्याला उमेदवारी करावयास लावतात! या खेळात इष्ट स्थळ दाखविणारा बाण नाही. लोक तोंडी वाट सांगतात; ती वहीत नोंदली जाते, आणि अमुक पूल, तमुक टेकडी अशा खुणा शोधीत जावे लागते. कथेला अत्यावश्यक असे पात्र खेळणाऱ्याने मारले, तर भविष्यवाणीचा धागा तुटला एवढे खेळ सांगतो आणि त्याच मोडलेल्या जगात पुढे राहू देतो. शिवाय नायक खरोखरच भाकितातला अवतार आहे की नाही, हे शेवटपर्यंत पुरते उलगडत नाही. एका गुहेत त्याला आपल्याआधी अयशस्वी ठरलेले दावेदार भेटतात.

दोषही ठळक आहेत. तलवार शत्रूच्या छातीवर बसलेली डोळ्यांना दिसते, पण घाव लागला की हुकला हे आत फिरणारे फासे ठरवितात. धावत येऊन दमलेला नवखा दहा वार करतो आणि त्यांतले आठ फुकट जातात. डोळे एक सांगतात, गणित दुसरे. प्रथमपुरुषी खेळात ही विसंगती फारच खुपते. सांगितलेल्या वाटा कधी मोघम असतात, आणि गावोगावची माणसे तीच ठराविक वाक्ये बोलतात.

दुसरा, २००६ सालचा ‘ऑब्लिव्हियन’. याने हाताचा दोष काढला. नेम साधला की घाव बसतो. सर्व पात्रांना आवाज मिळाला. त्यातील काही उपकथा फार सुरेख आहेत. एक चित्रकार स्वतःच्याच चित्रात अडकतो, आणि त्याच्या शोधात आपल्यालाही कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी रंगविलेल्या रानात शिरावे लागते. परंतु मूळ रचनेत एक घातक सोय केली गेली. खेळणारा जसजसा बळावतो, तसतसे जगही त्याच्या मापाने बळावते. परिणाम असा की सुरुवातीला फाटक्या चिलखतातला वाटमारी करणारा पुढे राजाला परवडणार नाही असे मौल्यवान चिलखत घालून उभा राहतो, आणि मागतो काय, तर शंभर नाणी! आपण वाढलो याला मग अर्थ काय राहिला? तशात नरकाची दारे उघडली, राज्य बुडते आहे, असा आकांत चाललेला असतो; पण नायक महिनाभर रानात औषधी वेचीत हिंडला तरी संकट त्याची वाट पाहत थांबते. कथेला लागणारी माणसे मरतच नाहीत. तात्पुरती बेशुद्ध पडून पुन्हा उठतात. २०२५ साली हा खेळ नव्या साजात आला, पण जगाला नायकाच्या मापाने बेतण्याची खोड कायम राहिली.

तिसरा, २०११ सालचा ‘स्कायरिम’. लोकप्रियतेत याने दोघांनाही मागे टाकले. साठ दशलक्षांहून, म्हणजे सहा कोटींहून, अधिक प्रती विकल्या गेल्याचे त्याचे दिग्दर्शक टॉड हॉवर्ड यांनी २०२३ साली सांगितले. बर्फाळ डोंगर, पाइनची राने आणि वर पसरलेला ध्रुवप्रकाश यांत नुसते चालत राहावेसे वाटते. आरंभी कोणताही पेशा निवडावा लागत नाही. जे कराल त्यात हात बसत जातो. धनुष्य चालवील तो धनुर्धर होतो आणि भट्टीवर घाम गाळील तो लोहार. ही योजना आम्हांस तिन्ही खेळांत सर्वांत शहाणी वाटते. पण त्याच खेळात मंत्रविद्येच्या महाविद्यालयाचा मुख्य होण्यास मंत्रविद्या जेमतेम यावी लागते. यादवीत कोणताही पक्ष घ्या, शहरांचे रोजचे जिणे फारसे बदलत नाही. सर्व दारे उघडी, सर्व मान उपलब्ध, आणि बाण पुढे वाट दाखवीत आहेच. मागितले ते मिळाले, तरी मिळविले असे वाटत नाही.

आता तिघांना शेजारी ठेवून पाहावे. प्रत्येक पुढच्या खेळाने मागच्याची एखादी अडचण दूर केली, आणि प्रत्येक अडचणीबरोबर थोडे वजनही गेले. वाट चुकण्याचा त्रास गेला, त्यासरशी वाट सापडण्याचा आनंद गेला. नायक कोठेच अडेनासा झाला आणि त्याच्या पराक्रमाची किंमत उतरली. याचा अर्थ असा घेऊ नये की जितके अवघड तितके थोर. ‘मॉरोविंड’चे फासे निव्वळ त्रासदायक आहेत, ते गेले हे बरेच झाले. आणि ‘स्कायरिम’ने ज्यांना या अद्भुतात प्रथम पाऊल ठेवू दिले, अशांची संख्या मोठी आहे, हे पुण्यही थोडे नव्हे. पण हाताचा अवघडपणा हा कारागिरीचा दोष आहे आणि तो पुढचा कारागीर सुधारू शकतो. नायकाची हांजी हांजी करणारे जग हा वृत्तीचा दोष आहे. तो दूर करावयाचा तर खेळणाऱ्यावर विश्वास टाकण्याचे धाडस लागते. म्हणून एकाच खेळाला झुकते माप द्यावयाचे झाले तर आम्ही ते ‘मॉरोविंड’ला देऊ.

ज्यांच्या घरी असे खेळ चालतात त्यांना आमची एक सूचना आहे. तास जरूर मोजा. पण जेवताना मुलाला किंवा मुलीला आणखी दोन प्रश्न विचारा : ‘तुझ्या हातून तिथे असे काय घडले, जे पुन्हा बदलता आले नाही?’ आणि ‘तिथे कुणी तुला नाही म्हणाले काय?’ उत्तर देताना त्याला थोडे थांबावे लागले, एखाद्या चुकलेल्या वाटेची किंवा मोडलेल्या वचनाची गोष्ट तो सांगू लागला, तर त्याने तेथे काही जगून घेतले असे समजावे. आणि तेथे सगळेच आपले ऐकतात, असे तो म्हणाला, तर ते तास थोडे कमी करण्यास हरकत नाही. तोंडपुज्यांच्या संगतीत फार वेळ काढणे बाहेरच्या जगातही माणसाला हितावह ठरत नाही.