मातीचे देणे



जो व्यापारी भांडवल मोडून खातो, त्याची पेढी काही काळ भरभराटीची दिसते. परंतु एके दिवशी तिला टाळे लागते. बागेतील मातीचेही तसेच आहे. फुले, फळे व भाज्या यांच्या रूपाने तिच्यातून सतत काही ना काही उचलले जाते. गळलेला पाला तिला परत मिळाला, तर हिशेब बराचसा जुळतो. पुष्कळ आवारांत मात्र पानगळीच्या दिवसांत तो पाला झाडून पेटविला जातो आणि पावसाळ्याच्या तोंडी खताची पोती विकत आणली जातात. पाल्यातील नत्र व कर्ब धुरासोबत निघून जातात, त्याच्या आश्रयाला आलेले असंख्य लहान जीव होरपळतात आणि मागे उरते ती मूठभर राख.

सुपीक माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हे. सूक्ष्म जीवाणू, बुरशी आणि गांडुळे यांचा तो संसार आहे. कुजलेल्या पाल्यापासून बनणारा ह्यूमस मातीचे कण एकत्र बांधतो. त्यामुळे काळी जमीन उन्हात कमी भेगाळते, पावसात कमी चिकट होते आणि मुळांना हवा व ओलावा दोन्ही मिळतात. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी आढळला, तर ती जमीन या बाबतीत दरिद्री समजली जाते. पाऊण टक्क्याहून अधिक असेल, तर संपन्न.

या विद्येचा एक थोर अध्याय इंदूर नगरीत लिहिला गेला. कापसाच्या संशोधनासाठी तेथे स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कार्य केले. केवळ कापसाचे वाण सुधारून भागणार नाही, जमिनीचा कस सुधारला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर पोहोचली. तीत विकत आणावे असे फारसे काही नव्हते. पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचले जात. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या आधी रस्त्यावर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली त्या चुरल्या जात. खड्डा दोन-तीन फुटांहून खोल नसे, कारण त्याखाली हवा पोहोचत नाही. ढीग तीन वेळा वरखाली केला जाई आणि सुमारे तीन महिन्यांत खत सिद्ध होई.

हीच रीत घरगुती बागेतही साधते. भोके पाडलेल्या पिंपात किंवा विटांच्या हौद्यात तीन भाग सुका पाला व एक भाग भाजीपाल्याची देठे-साले, असे थर द्यावेत. प्रत्येक थरावर थोडे शेणखत किंवा बागेतील माती पसरावी. ओलावा पिळलेल्या कापडाइतका असावा. पाणी ठिबकता कामा नये. दुर्गंधी आली, तर ओल जास्त झाली असे समजून सुका पाला घालावा व ढीग हलवावा. पावसाळ्यात वर आच्छादन हवे. खत काळसर, भुसभुशीत झाले आणि त्याला पहिल्या पावसातील मातीसारखा वास आला की ते तयार झाले.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. अर्धवट कुजलेला पाला मातीत मिसळू नये. तो कुजताना मातीतील नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. ताजे शेणही मुळांशी घालू नये. सुका पाला मात्र आच्छादन म्हणून झाडाभोवती दोन-तीन इंच पसरावा, खोडाला न टेकता. त्याने ओल टिकते आणि गांडुळांना आसरा मिळतो.

सेंद्रिय खतातील अन्नद्रव्यांचे प्रमाण अल्प असते व ती हळूहळू उपलब्ध होतात. म्हणून एका हंगामात चमत्काराची अपेक्षा ठेवणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. दोन-चार वर्षे नेमाने देत राहणाऱ्याची माती मात्र खुरप्याला मऊ लागू लागते.

येत्या पानगळीत प्रत्येक आवारात एक कोपरा पाल्यासाठी राखला जावो आणि काडेपेटी घरातच राहो, एवढी विनंती करून हा विषय येथे पूर्ण होतो.