परराज्यांतून आलेल्यांचा अधिवास



परराज्यांतून येऊन येथे स्थिरावलेली आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. घर बांधले म्हणजे सर्व हक्क मिळाले, असे ती समजतात. महाराष्ट्रात अधिवासाचा दाखला सामान्यतः 15 वर्षांच्या वास्तव्याने मिळतो खरा; परंतु जातीची सवलत त्यामागोमाग येत नाही. आंध्रांत अनुसूचित जमातीत गणल्या गेलेल्या एका विद्यार्थ्यास मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत राखीव जागा मिळाली नाही, व 1990 साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा दावा मान्य केला नाही. मूळ राज्यांतील हक्क मात्र स्थलांतराने बुडत नाही. इतर मागासवर्गीयांस येथे 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे वास्तव्य दाखवावे लागते. अशा वेळी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखलाच (आम्हां मास्तरांच्या हातचा कागद तो!) कामी येतो. घरोघरच्या जुन्या पेट्या या दिवाळीपूर्वीच उघडून पाहाव्यात.