गडकऱ्यांचे बंड, १८४४

करवीर राज्यातल्या गडकऱ्यांनी १८४४ साली उभारलेला उठाव मोडायला इंग्रजांना महिनोन्‌महिने लागले. गडकरी म्हणजे पिढीजात गड राखणारी शिबंदी. गडाच्या घेऱ्यातल्या इनाम जमिनी कसायच्या आणि त्याबदली दरवाजे, बुरूज सांभाळायचे, ही त्यांची चाकरी. राजे शिवाजी अल्पवयीन असल्याने कंपनी सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. त्यांनी या जमिनींचा कारभार गडावरून काढून मामलेदारांकडे दिला. जमिनी आज ना उद्या खालसा होणार, अशी गडकऱ्यांची खात्री झाली. त्यांचे भय रास्तच होते.

जुलैत सामानगड आणि भुदरगड यांचे दरवाजे बंद झाले. ठिणगी पडली ती गडहिंग्लज-गारगोटीच्या डोंगरपट्ट्यात. बेळगावहून फौज आली आणि ऑक्टोबरच्या मध्यास तिने सामानगड हल्ला करून घेतला. पण बंड शमण्याऐवजी पसरले. कोल्हापुरात बाबाजी अहिरेकराने दाजी पंडितांनाच कैद केले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स फिरतीवर असताना बंडवाल्यांच्या हाती सापडला आणि पन्हाळ्यावर अटकेत पडला.

मग जनरल डेलामोट पन्हाळ्यावर चालून आला. तोफांनी तटाला खिंडार पाडून १ डिसेंबर १८४४ रोजी गड घेतला गेला. अहिरेकर लढताना पडला. लढाई संपल्यावरही पाडापाडी चालूच राहिली. आज कोल्हापूरची एसटी पन्हाळ्यावर शिरते, तिथे चार दरवाजा होता. तो याच वेळी जमीनदोस्त झाला. पुन्हा कुणी आसऱ्याला येऊ नये म्हणून जागाच मोडून टाकायची, ही परक्या सत्तेची जुनी रीत. बरोबर शंभर वर्षांनी पोलंडच्या वॉर्सा शहरातला उठाव ६३ दिवसांनी चिरडल्यावर जर्मन सैन्याने रिकामे केलेले शहर घरामागून घर उडवून दिले. त्या वेळी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते.

पन्हाळ्यानंतर लढा सावंतवाडीच्या मनोहरगडाकडे सरकला. १८४५च्या आरंभी तेथील गडही पडले आणि बरेच बंडवाले गोव्याच्या पोर्तुगीज हद्दीत गेले. करवीरच्या गडांवरची वंशपरंपरागत शिबंदी मोडण्यात आली, राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती गेला आणि बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूर दरबाराकडूनच वसूल झाला.