तार सलग आहे काय?



मल्टिमीटरची दोन टोके तारेला लावली की 'पीं' असा आवाज येतो आणि तार सलग आहे असे मानून आपण मोकळे होतो. आज माझे म्हणणे एवढेच की, आवाज हे उत्तर खरे. पण प्रश्न किती व्होल्टांनी नि किती प्रवाहाने विचारला हे ठाऊक नसेल, तर त्या उत्तराला फारशी किंमत नाही.

इस्त्रीची अर्थिंगची तार घ्या. पाऊण चौरस मिलिमीटरच्या लवचिक तारेत ०.२ मिलिमीटर जाडीचे २४ धागे असतात. वाकून वाकून त्यांतले २३ तुटले, तरी मीटर वाजणारच. सेंटिमीटरभर एकट्या धाग्याचा रोध एका ओहमच्या दीडशेव्या भागाहूनही कमी, आणि मीटर तर पुष्कळदा तीस-चाळीस ओहमपर्यंत खुशाल वाजतात! परंतु इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली, म्हणजे मिलिअँपिअरच्या जागी पन्नास-साठ अँपिअर त्या धाग्यातून धावू पाहतात. तो फ्यूजच्या तारेसारखा वितळतो आणि पत्रा जिवंत राहतो. त्या वेळी त्यावर कोणाचा हात असेल, कोणी सांगावे? म्हणूनच उपकरणांच्या कारखान्यांत अर्थिंग तपासताना, दाब अगदी थोडा ठेवून, १० किंवा २५ अँपिअरचा प्रवाह सोडतात.

इलेक्ट्रॉनिक यंत्रात मात्र नेमकी उलट अडचण येते. तेथे तारांच्या शेजारी डायोड आणि ट्रान्झिस्टर बसलेले असतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टच्या खाली जवळजवळ बंद असतो. त्याहून अधिक दाब मिळाला की उघडतो. मीटरने दोन-तीन व्होल्ट लावले, तर प्रवाह तारेतून गेला की डायोडातून, हे कसे ओळखावे?

येथे आकड्यांनी दाब ठरवणारे यंत्र कामाला येते. त्याची रचना कळायला अवघड नाही. आठ अंकी द्विमान संख्येत ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. दर आकड्याला एक शतांश व्होल्ट धरला, तर २० म्हणजे ०.२ व्होल्ट आणि १०० म्हणजे एक व्होल्ट. आकडा द्या, तेवढा दाब मिळतो. प्रवाह मोजून यंत्र तो टिपून ठेवते. ०.२ नंतर १ व्होल्ट लावल्यावर प्रवाह पाचपट झाला, तर ती तारच. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम तो हाच. आधी काहीच नाही आणि मग एकदम प्रवाह, असे झाले तर मध्ये दुसरेच कोणी बसले आहे!

पण तो डायोडच असेल असेही नाही. चांदीच्या संपर्कबिंदूवर काळसर थर चढतो. लहान दाबाला तो अडवतो, मोठ्या दाबाने फुटतो. येथे मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती क्रमाची गोष्ट. पहिल्याच वेळी मोठा दाब लावला, तर थर फुटतो, बिंदू निरोगी दिसतो आणि पुरावाच नाहीसा होतो. म्हणून खालून वर चढावे आणि पुन्हा खाली यावे. उतरताना डायोड पूर्वीसारखाच बंद होतो; फुटलेला थर मात्र प्रवाह जाऊ देतो, निदान पुढचा धक्का बसेपर्यंत. हे चढणे-उतरणे हाताने शंभर तारांवर करायचे म्हणजे कंटाळा आला. यंत्राला तो येत नाही.

घरी करून पाहणाऱ्यांनी प्लग आधी भिंतीतून काढावा, आणि मीटरची दोन टोके एकमेकांना लावून त्यांचा स्वतःचा रोध किती, तेही पाहून घ्यावे.