पाण्याच्या उगमाची राखण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, दिल्ली येथे दिलेले भाषण)



संतवाङ्मय, नाट्य, संगीत असे रसाळ विषय हाताशी असता आम्ही नळाच्या पाण्यासारखा रूक्ष विषय निवडला, हे ऐकून आपल्या कार्यवाहांच्या कपाळाला आठी पडली होती. ती रास्तच होती. आम्ही अभियंता नव्हे, पदवी बी. ए.ची आणि नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीत फायली चाळण्याची. परंतु पाणी पिण्यास जशी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, तशी ते कोठून येते हे विचारण्यासही लागू नये.

दिल्लीतील मराठी माणसाला बुराडी घाट सांगावा लागत नाही. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे तेथे धारातीर्थी पडले. त्याच यमुनाकाठी, घाटाच्या खालच्या अंगाला वझिराबाद येथे शहरासाठी नदीचे पाणी उचलले जाते. वरच्या अंगाला, हरियाणाच्या सीमेलगत पल्ला येथे नदीच्या गाळवटीत दिल्ली जल बोर्डाच्या विंधन विहिरी आहेत. काठच्या या सखल पट्टीस इकडे खादर म्हणतात. पोटात वाळूचे जाड थर. पावसाळ्यात पूर पसरला की पाणी वाळूत मुरते आणि पुढे विहिरी ते वर काढतात. निसर्गाने बांधून दिलेली ही टाकीच होय.

या टाकीला झाकण आहे ते मातीचे. माती आणि वाळू यांतून हळूहळू झिरपताना पाण्यातील पुष्कळसे जंतू मागे राहतात. विरघळलेले क्षार, नायट्रेट, कारखान्यातील रसायने मात्र तशी अडत नाहीत. आणि कोणी भोक पाडून घाण थेट खालच्या पाण्यात सोडली, तर गाळण्याचा प्रश्नच उरत नाही. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे: आपल्या आवारात पाडलेले भोक हे गावाच्या टाकीला पाडलेले भोक असते.

कोणी म्हणेल, शुद्धीकरण केंद्रे कशासाठी आहेत? त्यास वझिराबादचाच दाखला देतो. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे घाण पाणी उलट फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. अधिकाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वर फैलावला नाही. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. त्या काविळीच्या विषाणूची ओळख पटण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. आज त्यास हिपॅटायटिस ई म्हणतात. म्हणजे ज्या शत्रूचे नावही ठाऊक नव्हते, तो क्लोरीनला न जुमानता घरोघरी पोहोचला. उगमच राखला असता तर त्याचे नाव ठाऊक असण्याची गरजही पडली नसती.

वझिराबादला निदान नाला डोळ्यांना दिसत होता. जमिनीखालचे दिसत नाही. १९८८ साली यमुनेपलीकडच्या पुनर्वसन वसाहतींत पटकीची साथ आली, तेव्हा बोट गेले ते उथळ हातपंपांकडे. वस्ती दाट, मैला जाण्यास धड वाट नाही, आणि हातपंपाची नळी जेमतेम वरच्या थरात उतरलेली. पंपाचे पाणी दिसावयास स्वच्छ असते, हाच त्याचा धोका.

ही गरिबांच्या वस्तीची गोष्ट झाली, आपला काय संबंध, असे कोणास वाटत असेल तर द्वारकेकडे पाहावे. तेथील सोसायट्यांत कायद्याने पर्जन्यजल पुनर्भरणाचे खड्डे करविले. हेतू उत्तम. परंतु २०२३ साली अनेक सोसायट्यांच्या या खड्ड्यांशी निगडित पाण्यात अमोनिया आणि क्षार वाजवीपेक्षा अधिक आढळले, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. गच्चीवरचे पाणी खाली सोडण्याऐवजी अंगणाचे, मोटारी धुतल्याचे किंवा फुटक्या मलवाहिनीचे पाणी खड्ड्यात गेले, तर पुण्यकर्म म्हणून खणलेला खड्डाच पापाची वाट होतो.

रस्त्यावरच्या खोदकामाविषयी थोडक्यात सांगतो. केबलसाठी चर खणताना पाण्याची नळी दुखावते. शेजारी मलवाहिनी असतेच. चोवीस तास दाब असेल तर गळती बाहेर होते. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते. ते बंद झाले की दाब उतरतो आणि त्याच फटीतून बाहेरचे आत ओढले जाते. त्यात आपण नळाला टुल्लू पंप जोडतो. शेजाऱ्याच्या आधी पाणी मिळावे म्हणून आपण गटारही ओढून घेतो, हे वहिनीसाहेबांना कोणी सांगत नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाच्या चोविसाव्या कलमान्वये विहिरीत दूषित पदार्थ जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे. १९९७ साली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. पण १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमापासून मनात मुरलेली समजूत अशी की, ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. पाणी मात्र सातबारा वाचून वाहत नाही. आपल्या महाराष्ट्राने १९९३ च्या अधिनियमात सार्वजनिक पेयजलाच्या उगमापासून पाचशे मीटरांच्या आत विनापरवाना विहीर खणण्यास बंदी केली होती. पुढे त्याची जागा २००९ च्या अधिनियमाने घेतली. त्या अंतरामागे मुख्यतः उगम आटू नये ही काळजी होती, तो नासू नये ही नव्हे.

विषय निघालाच आहे तर गावाकडची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथील पाणी प्याले, म्हणून विटाळ झाला असे ठरवून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दही यांच्या घागरी त्या पिण्याच्या पाण्यात ओतल्या. माणसापासून पाणी राखण्यात आपल्या समाजाने जेवढी दक्षता दाखविली, तिचा दहावा हिस्सा घाणीपासून राखण्यात दाखविली असती तर पटकीने एवढी घरे ओस पाडली नसती.

आता करावयाचे काय? कोरडे पडलेले बोअर आधी पाहावे. फरशीचा तुकडा टाकून सोडलेले बोअर प्रत्येक जुन्या सोसायटीत सापडते. २००६ साली कुरुक्षेत्र जिल्ह्यात एक लहान मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि दोन दिवसांनी जिवंत निघाला, तेव्हा सारा देश दूरदर्शनसमोर बसला होता. अशा अपघातांमुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नियम घालून दिले: खणण्यापूर्वी पंधरा दिवस सूचना द्यावी, नळीभोवती सिमेंटचा ओटा घालावा, तोंड पोलादी झाकणाने बंद करावे, सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे यांनी भरावे. नियम मुलांसाठी झाले. पाण्यासही तेच तारक आहेत.

आमच्याच सोसायटीत जुन्या बोअरमध्ये अंगणाचे गटार जोडून ‘पुनर्भरण’ साधावे, असा प्रस्ताव आला. आम्ही लेखी हरकत घेतली: गच्चीचे पाणी गाळणीच्या खड्ड्यातून घ्या, अंगणाचे नको, बोअर भरून मिटवा. खजिनदारांनी विचारले, “साहेब, मिटवायला पैसे घालायचे आणि हाती काय यायचे?” प्रश्न रोखठोक होता. हाती काही यावयाचे नाही. जे आहे ते जाऊ नये, एवढेच. निर्णय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. तोवर तोंडावर झाकण बसविले असून त्याची किल्ली आमच्यापाशी आहे.

ज्यांच्या आवारात असे बोअर असेल त्यांनी सभेनंतर आम्हांस अवश्य भेटावे. अर्जाचा मसुदा मराठीत आणि हिंदीत तयार आहे. प्रती बाहेर चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत.