गिरनार केला आणि गिधाडाची आठवण झाली
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या अकरा जणी गिरनारला जाऊन आलो. दहा हजार पायऱ्या चढून दत्तगुरूंच्या पादुकांचं दर्शन घेतलं. ते तुम्हाला सगळ्यांना माहीतच आहे. आज सांगायचंय ते खाली जुनागढमधल्या सक्करबागेबद्दल.

सक्करबाग हे १८६३ साली सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय. आम्हाला वाटलं, सिंह बघायचा, शेंगदाणे खायचे, गाडीत बसायचं. पण तिथलं काम वेगळंच आहे. आशियाई सिंहाचं रानातलं घर जगात एकच, गीर आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख. एके काळी हे सिंह अगदी थोडे उरले होते. राखण झाली, तेव्हा २०२५ च्या मोजणीत ८९१ भरले. सक्करबागेत त्यांची पैदास करतात आणि देशातल्या दुसऱ्या संग्रहालयांनाही सिंह देतात. एकीकडे रोगाची साथ आली तरी वंश बुडू नये. आपण सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे.

तिथं गिधाडांचंही पैदास केंद्र आहे. ते बघायला मिळत नाही, पक्ष्यांना गर्दीपासून लांब ठेवतात. पण त्याचं कारण कळलं आणि मला घरी येऊन झोप लागली नाही.

लहानपणी आपल्या माळावर ढोर टाकलं की गिधाडं उतरायची, बघता बघता हाडं उरायची. आता तिथं मोकाट कुत्री असतात. गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅक नावाच्या औषधानं. दुखण्या-तापावर हे जनावरांना टोचायचे. ते जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, मग भरपाई कशी व्हायची? २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी आमची गाय लंगडायला लागली. डॉक्टरांना यायला उशीर होता, म्हणून घरी माणसांसाठी आणलेली तीच सुई टोचली. पैसे मीच दिले. दुसऱ्या दिवशी गाय गेली, माळावर नेऊन टाकली. गिधाड आलंच नाही, कारण आमच्याकडे उरलंच नव्हतं. का उरलं नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

ताईंनो, तीन गोष्टी करा. माणसांचं औषध जनावराला टोचू नका, कुणी टोचत असेल तर थांबवा. डॉक्टरांना मेलॉक्सिकॅमबद्दल विचारा, ते गिधाडांना सुरक्षित आहे. कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही २०२३ पासून जनावरांसाठी बंदी आहे, ही नावं पशुसखीच्या वहीत लिहून घ्या. आणि औषध दिलेलं जनावर दगावलं, तर उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा.

सक्करबागेतली माणसं पिंजऱ्यात गिधाडं वाढवतील. पण सोडल्यावर ती उतरणार आपल्याच माळावर. तिथलं खाणं विषारी असेल, तर त्यांची सगळी मेहनत पाण्यात.

येत्या सभेत प्रत्येक गटानं यावर ठराव घ्यावा, एवढंच मागणं.