कॅम निवडायचाय? आधी आरपीएम मोजा

गाड्यांवरचा एपिसोड म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, एस्टीमला कुठला कॅम टाकू?" आज त्यावरच बोलू.

एस्टीम आणि जिप्सीतलं मारुतीचं १२९८ सीसीचं जी-१३ इंजिन आपल्याकडच्या रॅल्यांमध्ये भरपूर पळालंय. म्हणून हौशी मंडळी अजून त्यालाच हात घालतात.

आधी बेसिक. क्रँक दोनदा फिरला की कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि त्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्ह किती उघडला ती लिफ्ट, मिलिमीटरमध्ये. किती काळ उघडा राहिला ते ड्युरेशन, पण ते मोजतात क्रँकच्या अंशांत. समजा २४० अंशांचा कॅम आहे. १००० आरपीएमला व्हॉल्व्ह ४० मिलिसेकंद उघडा राहतो. ६००० ला? जेमतेम ६.७. तेवढ्यात सिलिंडर भरायचा. म्हणून वरच्या आरपीएमसाठी ड्युरेशन वाढवतात.

याची किंमत खालच्या आरपीएमला मोजावी लागते. मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, तोवर पिस्टन वर निघालेला असतो. इंजिन जोरात फिरत असेल तर हवा स्वतःच्या वेगाने आत येतच राहते. हळू फिरत असेल तर आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. पिकअप गेलाच म्हणून समजा. शिवाय ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही थोडे उघडे असण्याचा काळ, वाढतो. मग आयडल थरथरतं. रीलमध्ये भारी वाटणारा तो घुड-घुड आवाज यातूनच येतो.

आता साधा हिशेब. टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. १०० न्यूटन-मीटर टॉर्क ३००० ला मिळाला तर ३१ किलोवॅट, ६००० ला मिळाला तर ६३. मोठा कॅम मुख्यतः हेच करतो: टॉर्क वर सरकवतो. तुम्ही ४००० च्या वर जातच नसाल, तर पैसे देऊन गाडी हळू केली!

म्हणून आठवडाभर एक काम करा. टॅकोमीटर दिसेल असा मोबाइल लावून रेकॉर्डिंग करा आणि घरी बसून बघा, काटा जास्त वेळ कुठे असतो. ऑफिसचा ट्रॅफिक आणि महिन्यातून एकदा खंबाटकी घाट असेल, तर स्टॉकपेक्षा थोडंसंच जास्त ड्युरेशन बघा. ट्रॅकसाठी वेगळी गाडी असेल, तर मोठा कॅम घ्या.

दोन कॅमची तुलना करताना ड्युरेशन कुठून मोजलंय ते विचारा. कुणी व्हॉल्व्ह हलल्यापासून मोजतं, कुणी १ मिलिमीटर लिफ्टपासून. एकाच कॅमचे दोन वेगळे आकडे निघतात.

लिफ्ट वाढवली तर स्प्रिंग तेवढी दबते का, आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडत नाही ना, हे तपासायलाच हवं. त्यासाठी पिस्टनवर मऊ चिकणमाती ठेवतात, हेड बसवतात, इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि दबलेल्या मातीची जाडी मोजतात. मेकॅनिक हे टाळत असेल, तर गॅरेज बदला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. ओव्हरलॅप वाढला की आयडलला व्हॅक्यूम कमी होतो, आणि ट्रॅफिकमध्ये लागोपाठ ब्रेक मारताना पेडल दगडासारखं लागू शकतं. कॅम बसवल्यावर आयडलचा व्हॅक्यूम गेजवर बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. पीयूसीही आयडललाच होते. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून गेलं की तिथेही अडकाल. त्यामुळे ट्यूनिंगचा खर्च कॅमच्या बजेटमध्येच धरा.

तर कॅम मागवण्याआधी ट्यूनरला तीन गोष्टी सांगा: तुमचा रोजचा आरपीएम, इंजिनचा कॉम्प्रेशन रेशो आणि आतापर्यंत केलेले बदल. आवाजाचं नंतर बघू.

तुमचा काटा कुठे थांबतो, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात!